अठरा पौंडी तोफगोळ्याचे मोल

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश 18 पौंडी तोफेची रिकामी पितळी पुंगळी आजही अल्प मोलात मिळते, आणि 1916 साली सोमच्या लढाईपूर्वीच्या आठवडाभराच्या भडिमारातच ब्रिटिश तोफखान्याने 15 लाखांहून अधिक गोळे डागले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यात नवल उरत नाही. खरे दाम पडते ते पुंगळी, गोळा आणि माथ्यावरचा फ्यूज ही तिन्ही अंगे एकाच काळातील व परस्परांस अनुरूप असतील तेव्हा. म्हणून सौदा ठरविण्यापूर्वी पुंगळी उलटी करून बुडावरचे साल, कारखान्याची आद्याक्षरे, सरकारी बाणाची खूण आणि पुनर्भरणाचे शिक्के भिंगाखाली वाचावेत. जुना रंग शाबूत असल्यास किंमत वाढते, आणि पितळ घासून लखलखीत करणे हा तर माझ्या मते त्या वस्तूवरील अन्यायच होय.

मात्र एका गोष्टीत हयगय नको. गोळ्याच्या तांब्याच्या पट्ट्यावर नळीच्या आट्यांचे चरे उमटलेले असले, तर तो डागला गेला एवढेच सिद्ध होते, तो निर्धोक झाला असे मुळीच नव्हे. बेल्जियम व फ्रान्सच्या शेतांतून असे न फुटलेले जिवंत गोळे आजही नांगराला लागतात. यास्तव रणभूमीवरून उचललेली वस्तू कोणत्याही भावाने घेऊ नये, अधिकृत तज्ज्ञाने निष्क्रिय केल्याचा लेखी दाखला प्रथम मागावा, आणि परदेशातून मागविण्याआधी जकात व शस्त्रविषयक कायद्याची खातरजमा करावी.