धुणं, पाणी आणि आईची बादली

मार्च महिन्यात एका शनिवारी सकाळी आमचं वॉशिंग मशीन ऐन धुण्यात बंद पडलं. घर घेतलं तेव्हा गराजमध्ये ते होतंच. वरून कपडे टाकायचं, मधोमध रवीसारखा दांडा असलेलं, वीस वर्षांचं तरी नक्की. मेकॅनिकने पाहून सांगितलं, "गिअरबॉक्स गेला, साडेतीनशे डॉलर." एवढ्या जुन्या मशीनवर एवढा खर्च करायला मन धजेना. आता नवीन घ्यायचं तर कोणतं?

साधं, दांड्याचं मशीन साडेपाचशेला मिळत होतं. समोरून दार असलेलं, कमी पाण्याचं साडेआठशेला. म्हणजे तीनशे डॉलरचा फरक. आम्ही राहतो कॅलिफोर्नियात. २०१५ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर ब्राऊन यांनी शहरांचा पाणीवापर पंचवीस टक्क्यांनी कमी करायचा हुकूम काढला होता, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेलच. मी तर कमी पाण्याचं मशीन घ्यायचं ठरवूनच टाकलं होतं. पण त्या वेळी आई लातूरहून आलेली होती.

आता लातूरच्या बाईला पाण्याची किंमत मी काय सांगणार! २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हेच लातूर. पहिल्या फेरीत आलं पाच लाख लिटर. तरी आईचाच मशीनला विरोध. "अरे, एवढ्याशा पाण्यात साबण निघणार कसा? पोरीचे हात बघितलेस का?"

तिचं बोलणं अगदी वर्मी लागलं. आमची चार वर्षांची मुलगी एक्झिमाने हैराण आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला खाजवून खाजवून रक्त काढते. डॉक्टरांनी बिनवासाचा साबण वापरा, फॅब्रिक सॉफ्टनर बंद करा आणि कपडे एकदा जास्त खळबळा, असं बजावलं होतं. वर्षाला काही डॉलर वाचवण्यापायी तिच्या अंगावर साबणाचे कपडे चढवायचे की काय, या विचाराने मी दोन आठवडे काहीच केलं नाही. धुणं लाँड्रोमॅटमध्ये, दर रविवारी, क्वार्टरच्या पिशवीसकट.

शेवटी इंजिनिअर माणूस, मोजायला लागलो. फुटपाथवर आपल्या पाण्याच्या मीटरचं जे झाकण असतं ते उघडलं की काटा दिसतो. घरातले बाकीचे नळ बंद ठेवून मशीनच्या आधी आणि नंतर आकडा टिपायचा. जुन्या मशीनचा आकडा मी गेल्या उन्हाळ्यात बिल भरमसाट आलं तेव्हा असाच घेतला होता: एका धुण्याला ५.२ घनफूट, म्हणजे जवळपास ३९ गॅलन (एक घनफूट म्हणजे ७.४८ गॅलन). मग एका मित्राकडे, त्याच्या फ्रंट लोडरवर तेच केलं. दोन घनफूट, १५ गॅलन. मी फुटपाथवर ओणवा असताना शेजारच्या गृहस्थांनी "पाणीखात्यातून आलात का?" असं विचारलंच.

घरात आईची वेगळीच तपासणी चालली होती. मित्राच्या मशीनमधून नुकताच निघालेला टॉवेल तिने स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून चांगला खळबळला. पाण्यावर फेस! मित्राची बायको ओशाळली, आई माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहू लागली. घरी आल्यावर मी तोच प्रयोग आमच्या जुन्या मशीनमध्ये धुतलेल्या टॉवेलवर केला. त्यावर जास्तच फेस आला. ३९ गॅलन पाणी वापरूनही!

खरा गुन्हेगार सापडला तो साबणाच्या बाटलीचं झाकण. आम्ही ते काठोकाठ भरून ओतत होतो. मित्राकडे बाटलीवर 'एचई' लिहिलेला, कमी फेसाचा साबण होता, पण तोही झाकण भरूनच. साधारण धुण्याला दोन मोठे चमचे साबण पुरतो.

मग मी आईला विचारलं, "तू लातूरला कपडे कसे काढायचीस?" "तीन पाण्यातून. एकाच बादलीत कितीही बुचकळले तरी साबण राहतोच." मी कागद घेऊन बसलो. पिळलेल्या कपड्यांत दोन लिटर साबणाचं पाणी उरलं असं धरा. तीस लिटर पाण्यात ते एकदाच खळबळले तर साबण सोळाव्या हिश्शावर येतो. त्याच तीस लिटरचे दहा-दहाचे तीन भाग करून, दरवेळी पिळून काढले, तर प्रत्येक वेळी सहावा हिस्सा, म्हणजे शेवटी दोनशे सोळावा! जुनं मशीन भरपूर पाण्यात एकदाच खळबळायचं. बहुतेक फ्रंट लोडर थोड्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून मध्ये जोरात पिळतात. आईचीच पद्धत की. कागद पाहून आई म्हणाली, "मग हे आधी मला विचारायचंस."

आता पैशांचं. इथे मी आधी चूक करत होतो. ३९ गॅलनशी तुलना करून वर्षाला सत्तर डॉलर वाचतील असं धरलं होतं. पण ते मशीन तर मेलं. तुलना नव्या साध्या मशीनशीच हवी. २०१८ च्या नियमाप्रमाणे त्याला ड्रमच्या दर घनफुटामागे साडेसहा गॅलनची मुभा आहे, चार घनफुटांना अंदाजे २६ गॅलन. फरक ११ गॅलनचा. वर्षाला तीनशे धुणी धरली तर ३३०० गॅलन, म्हणजे बिलावरचे साडेचार युनिट (एक युनिट ७४८ गॅलन). आमचा दर युनिटला सात डॉलर, म्हणजे बचत वर्षाला तीसेक डॉलर. गटाराचा आकार आमच्याकडे ठरावीक आहे, तो पाणी वाचवून घटत नाही. तुमच्याकडे वापरावर असेल तर बचत वाढेल, बिल काढून पाहा. आम्ही गार पाण्यातच धुतो, त्यामुळे गॅसची बचतही नाही.

नुसत्या पाण्यावर तीनशे डॉलर भरून यायला दहा वर्षं लागतील. पण फ्रंट लोडर जास्त वेगाने पिळतो आणि ड्रायर लवकर थांबतो. दर धुण्याला पाऊण युनिट वीज वाचली तरी आमच्या चाळीस सेंटच्या दराने वर्षाला नव्वद डॉलर होतात. म्हणजे पैसे अडीच वर्षांत वसूल. कपडे दोरीवर वाळवणाऱ्यांनी मात्र हा आकडा धरू नये. काही ठिकाणी पाणीपुरवठा करणारी मंडळी रिबेट देतात, तेही विकत घेण्याआधी विचारावं.

१९९७ साली कॅन्ससमधल्या बर्न या जेमतेम दोनशे वस्तीच्या गावात ऊर्जा खात्याने जुनी मशीनं बदलून अशी कमी पाण्याची बसवली, तेव्हा धुण्याचं पाणी सुमारे ३८ टक्क्यांनी घटलं होतं. पण मला पटलं ते बादलीमुळे.

मशीन घेतलं. मुलीचे कपडे वेगळे, जादा खळबळीवर; त्याला साडेचार गॅलन जास्त जातात, तरी २६ च्या आतच. साबण एक चमचा. तिचे कोपर पूर्वीपेक्षा बरे आहेत, पण मलमही बदललं होतं, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं ते सांगता येत नाही. एक कटकट मात्र आहे: दाराच्या रबरात पाणी साचून कुबट वास येतो, म्हणून ते पुसायचं आणि दार उघडं ठेवायचं.

परत जाण्याआधी आईने मशीनचा सांडपाण्याचा पाइप पाहून ठेवला होता. "हे पाणी लिंबाला का सोडत नाहीस?" मी चौकशी केली. काही अटी पाळल्या तर २००९ पासून कॅलिफोर्नियात त्याला परवाना लागत नाही. गराजपासून लिंबापर्यंत बत्तीस फूट आहे.