लंडनमधील रोकडरहित बससेवा

लंडनमधील रोकडरहित बससेवा ही इंग्लंडच्या राजधानीत ६ जुलै २०१४ पासून अमलात असलेली भाडेआकारणीची पद्धत आहे. या दिवसापासून लंडनच्या सार्वजनिक बसमध्ये चालकाला नोटा वा नाणी देऊन तिकीट काढण्याची सोय बंद झाली. प्रवाशाला ऑयस्टर हे स्मार्टकार्ड, संपर्करहित बँक कार्ड, पास अथवा सवलतपत्र यांपैकी एखादे साधन जवळ बाळगावे लागते. बँक खाते नसलेल्या किंवा कार्डातील शिल्लक संपलेल्या प्रवाशाला सार्वजनिक सेवा नाकारली जाऊ नये, यासाठी काय करावे लागते, या प्रश्नाच्या अभ्यासात लंडनचे उदाहरण उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

लंडनमधील बसचे मार्ग व भाडे ट्रान्सपोर्ट फॉर लंडन ही सार्वजनिक संस्था ठरवते. गाड्या कंत्राटी कंपन्या चालवतात. बहुतेक गाड्यांवर स्वतंत्र वाहक नसल्यामुळे पैसे घेणे, सुटे परत देणे व तिकीट देणे ही कामे चालकालाच करावी लागत आणि तोवर गाडी थांब्यावर खोळंबून राही.

२००३ साली ऑयस्टर कार्ड सुरू झाले. त्यात आगाऊ पैसे भरून ठेवायचे आणि गाडीत चढताना ते यंत्राला टेकवायचे, म्हणजे भाडे वजा होते. डिसेंबर २०१२ पासून बसमध्ये संपर्करहित बँक कार्डेही चालू लागली. प्रवाशांनी कार्डाकडे वळावे म्हणून रोख भाडे चढे ठेवण्यात आले होते. २०१४ च्या पूर्वार्धात एका बसप्रवासाचे भाडे ऑयस्टर कार्डाने १.४५ पौंड, तर रोखीने २.४० पौंड होते. २००० साली सुमारे २५ टक्के बसभाडे रोखीने दिले जाई. निर्णयाच्या सुमारास हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. रोकड बंद केल्याने वर्षाला सुमारे २ कोटी ४० लाख पौंडांची बचत होईल, असा संस्थेचा अंदाज होता.

उरलेल्या एक टक्क्याचा प्रश्न

वर्षाला २०० कोटींहून अधिक प्रवास होणाऱ्या सेवेत एक टक्का म्हणजे सुमारे दोन कोटी प्रवास. त्यामुळे प्रमाण अल्प असले तरी संख्या दुर्लक्षणीय नव्हती. रोखीने भाडे देणाऱ्यांत दोन भिन्न गरजांचे प्रवासी असतात. काहींकडे कार्ड असते, परंतु ऐनवेळी शिल्लक संपलेली असते किंवा कार्ड घरी राहिलेले असते. इतरांकडे बँक खातेच नसते, मजुरी रोख मिळते किंवा ते शहरात नव्यानेच आलेले असतात. पहिल्या गटाची अडचण तात्पुरती असते, दुसऱ्याची कायमची. म्हणून एकच उपाय दोघांना पुरत नाही.

कायद्याने रोकड स्वीकारण्याची सक्ती करता येईल का, असाही प्रश्न उपस्थित होतो. परंतु ब्रिटनमध्ये एखादे चलन वैध असल्यामुळे विक्रेत्यावर ते स्वीकारण्याचे बंधन येत नाही. त्यामुळे प्रवाशांचे संरक्षण मुख्यतः सेवेच्या नियमांतूनच करावे लागले.

उपाययोजना

शिल्लक संपलेल्यांसाठी 'आणखी एक प्रवास' ही सवलत देण्यात आली. ऑयस्टर कार्डात थोडी जरी शिल्लक असली, तरी ती भाड्यापेक्षा कमी असताना एक बसप्रवास करता येतो. उणे झालेली रक्कम पुढच्या भरण्यातून वळती होते. त्या वेळी कार्डासाठी ५ पौंडांची अनामत घेतली जाई. ती एका भाड्याहून अधिक असल्याने ही उधारी संस्थेला फारशी जोखमीची नव्हती.

बँक खाते नसलेल्यांसाठी ऑयस्टर कार्ड रोख पैशांनी विकत घेण्याची व भरण्याची सोय कायम राहिली. वृत्तपत्रविक्रेते व किराणा दुकानदार मिळून शहरात अशी सुमारे ४,००० केंद्रे होती. म्हणजे रोकड व्यवस्थेतून नाहीशी झाली नाही. ती बसमधून दुकानात गेली. परिणामी, घराजवळचे दुकान बंद झाले किंवा रात्री उघडे नसले, तर त्याची झळ याच प्रवाशांना बसते. पाकीट हरवलेली व्यक्ती, एकटे मूल यांसारख्या असुरक्षित प्रवाशांना वाटेत सोडून देऊ नये, असे मार्गदर्शन चालकांना करण्यात आले.

भाड्यातील समानता

प्रवेश मिळाला तरी सर्व साधनांना समान लाभ मिळतोच असे नाही. सप्टेंबर २०१४ पासून संपर्करहित बँक कार्डांना सोमवार ते रविवार अशी साप्ताहिक कमाल भाडेमर्यादा लागू झाली. मर्यादा गाठल्यावर त्या आठवड्यात आणखी भाडे आकारले जात नाही. ऑयस्टर कार्डाला ही सोय सर्व सेवांसाठी २०२१ साली मिळाली. तोपर्यंत ऑयस्टरधारकाला आठवड्याच्या पासाचे पैसे एकरकमी आधीच भरावे लागत. जवळ थोडी रोकड असलेल्याला हे अधिक जड जाते.

उलट, मुले व ज्येष्ठ नागरिक यांच्या सवलती छायाचित्र असलेल्या विशेष कार्डांशी जोडलेल्या आहेत. साध्या बँक कार्डावर पूर्ण भाडे पडते. २०१६ साली सुरू झालेल्या 'हॉपर' भाड्यामुळे तासाभरात दुसरी बस विनामूल्य झाली. गाडी बदलून जाणाऱ्यांना त्याचा लाभ झाला, मात्र दोन्ही वेळा तेच कार्ड वापरावे लागते. नोंदणी न केलेल्या ऑयस्टर कार्डामुळे खासगीपणा अधिक जपला जातो. परंतु ते हरवल्यास त्यातील शिल्लक परत मिळत नाही.

भारतातील स्थिती

भारतात ४ मार्च २०१९ रोजी 'राष्ट्रीय सामायिक गतिशीलता कार्ड' सुरू झाले. त्याच्या चिपमध्ये शिल्लक साठवता येत असल्याने भाडे देताना इंटरनेटची गरज पडत नाही. मुंबईतील बेस्ट उपक्रमाने कार्ड व मोबाइल ॲपची सोय केली असली, तरी बसमध्ये रोखीने तिकीट मिळते. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या गाड्यांतही वाहक रोख भाडे स्वीकारतात. महामंडळाने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना विनामूल्य प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत दिली आहे. महिलांना ही सवलत मिळण्यासाठी बँक खाते किंवा स्मार्टफोन असावा लागत नाही. वाहक असलेल्या सेवेत अशी लवचिकता ठेवणे सोपे जाते. वाहक काढून टाकल्यास लंडनप्रमाणे रोख भरणा केंद्रे व अल्प उधारी यांची तरतूद आधी करावी लागते.