लिंकखालचा फोटो कोणी लावला?

“लिंकखाली फोटो दिसतोय की! योजनेचं नावही बरोबर आहे. खोटी असती तर व्हॉट्सअ‍ॅपने असं दाखवलं असतं का?”

पीएम किसानचा हप्ता जवळ आला की बारामती-इंदापूर भागातल्या ऊस उत्पादकांच्या, दूध संस्थांच्या, बचत गटांच्या ग्रुपवर हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. पदवीधर पोरंही तो करतात, आणि त्यांच्या भरवशावर घरातली वडीलधारी माणसं लिंक उघडतात. म्हणून स्पष्टच सांगतो: तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपने तपासलेला नसतो. लिंक ज्याने बनवली, त्यानेच तो लावलेला असतो.

लिंक पाठवताना पाठवणाऱ्याचा फोन त्या पानावर जातो आणि तिथून मथळा, दोन ओळींचं वर्णन आणि एक चित्र उचलून आणतो. कोणतं चित्र उचलायचं, हे त्या पानाच्या मालकानेच कोडमध्ये लिहून ठेवलेलं असतं. ‘ओपन ग्राफ’ नावाची ही सोय फेसबुकने २०१० मध्ये आणली आणि आज बहुतेक वेबसाइट ती वापरतात. चित्र खरोखर त्या मालकाचं आहे का, हे इथे कोणीही विचारत नाही. राजमुद्रा टाका, मंत्र्यांचा फोटो टाका, बँकेचं बोधचिन्ह टाका. चौकटीत ते जसंच्या तसं येणार. एखाद्या टपरीवाल्याने स्टेट बँकेची पाटी रंगवून घेतली तर आपण तिथे ठेव ठेवायला जाऊ का? लिंकखालची चौकट म्हणजे तशीच पाटी आहे. पत्त्यात विचित्र अक्षरं असतील तर व्हॉट्सअ‍ॅप इशारा देतं, हे खरं. पण तो इशारा फक्त अक्षरांपुरता असतो, मजकुराच्या खरेपणाबद्दल नसतो.

हे पटत नसेल त्यांच्यासाठी: तलाल हज बाकरी आणि टॉमी मिस्क या दोन संशोधकांनी ऑक्टोबर २०२० मध्ये वेगवेगळी चॅट अ‍ॅप लिंकची झलक कशी तयार करतात, ते तपासून प्रसिद्ध केलं. व्हॉट्सअ‍ॅपची झलक पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते, असं त्यात नोंदवलेलं आहे. म्हणजे ती पाठवण्याच्या क्षणाची प्रत असते. सकाळी त्या पानावर हवामानाचा अंदाज असेल आणि दुपारी तिथे दुसरंच काही ठेवलेलं असेल, तरी ग्रुपवरची चौकट सकाळचीच दिसत राहते.

मग ओळखायचं कसं? फोटो सोडा, पत्ता वाचा. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग घ्या आणि त्याचा शेवट बघा. केंद्राच्या योजनेचा पत्ता ‘पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे. मधे आडव्या रेघा टाकून ‘पीएमकिसान-गव्ह-इन डॉट कॉम’ असं काही लिहिलेलं असेल, तर तो सरकारी पत्ता नव्हे. शेवटी ‘डॉट कॉम’ आहे, बाकी सगळी सजावट. योजनेचं अधिकृत अ‍ॅप प्ले स्टोअरवर आहे. ते ‘एपीके’ फाइल म्हणून ग्रुपवर कधीही येत नाही. वर्षाचे सहा हजार रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यावर जमा होतात, त्यासाठी कोणाची फाइल फोनमध्ये घ्यावी लागत नाही.

“मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही, मग पैसे कसे गेले?” ग्रुपवर आलेली अशी ‘एपीके’ फाइल बसवताना तिला एसएमएस वाचायची परवानगी दिली असेल, तर ओटीपी सांगावा लागतच नाही, ते अ‍ॅप स्वतःच वाचतं.

दिसतं एकाचं आणि येतं दुसऱ्याकडून, हा प्रकार वेबपानांवर जास्त खोल जातो, आणि तिथे गावोगावची बातमी-पोर्टल चालवणाऱ्यांनी लक्ष द्यायला हवं. “साइट आपली आहे, म्हणजे साइटवरचं सगळं आपलं” हा त्यांचा समज असतो. पान बारामतीचं असलं तरी त्यातली जाहिरातीची चौकट, व्हिडिओ, वाचकसंख्या मोजणारी स्क्रिप्ट भलत्याच ठिकाणाहून येते आणि मालकाला न विचारता बदलू शकते. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीच्या साइटवरही जाहिरातींतून घातक कोड वाचकांपर्यंत गेला होता. २०२४ मध्ये ‘पॉलिफिल’ या फुकट स्क्रिप्टचा पत्ता एका कंपनीने विकत घेतला. जूनमध्ये उघड झालं की ती वापरणाऱ्या साइटवरचे मोबाइल वाचक सट्ट्याच्या साइटकडे वळवले जात होते. अशा साइट एक लाखाहून जास्त होत्या. त्यांच्या मालकांनी आपल्या पानात काहीही बदललेलं नव्हतं.

इथे एक फरक नीट समजून घ्या. वेगळ्या चौकटीत बसवलेल्या परक्या पानाला बाहेरच्या पानातला मजकूर वाचता येत नाही. ब्राउझर ते अडवतो. पण परकी स्क्रिप्ट थेट पानात घातली, तर ती तुमच्याच अधिकाराने चालते: लॉगिनचा पासवर्ड टिपू शकते, पानच बदलू शकते. म्हणून चौकटीला ‘सँडबॉक्स’चं बंधन घाला आणि नको असलेल्या स्क्रिप्ट आजच काढून टाका.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. पत्त्याशेजारचं कुलूप म्हणजे साइट प्रामाणिक? नाही, मधल्या वाटेत मजकूर कोणी वाचू शकत नाही, एवढंच त्यातून कळतं, आणि लोकांची दिशाभूल होते म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढलं. ओळखीच्या माणसाने पाठवलंय? त्याचाच फोन दुसऱ्याच्या ताब्यात असू शकतो. लिंकला बोट लागलं की खातं रिकामं? सहसा नाही; बहुतेक वेळा काहीतरी बसवावं किंवा भरावं लागतं. फोटो नुसता पाहिल्याने काहीच होत नाही? फोन जुना ठेवला तर होऊ शकतं: सप्टेंबर २०२३ मध्ये ‘वेबपी’ चित्रांमधली अशीच त्रुटी सापडली, आणि अपडेट घेणाऱ्यांची ती दुरुस्त झाली.

पैसे गेले की सगळं संपलं, हेही खरं नाही. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे ज्या खात्यात पोहोचले तिथे रोखून धरता येतात. मात्र ते पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार पोहोचायला हवी.