देवदार आणि तुळस : दोन मानलेली अपत्ये

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने देवदार आणि तुळस ह्यांतील भेद स्पष्ट आहे. देवदार हा अनावृतबीजी, सूचिपर्णी वृक्ष. त्याला फूल येत नाही, बीजे शंकूच्या खवल्यांवर उघडीच असतात. पश्चिम हिमालयात सुमारे १,५०० ते ३,००० मीटर उंचीवर तो वाढतो आणि ४० ते ५० मीटरपर्यंत पोहोचतो. तुळस आवृतबीजी, जेमतेम कमरेएवढी; तिच्या मंजिरीवर बारीक द्व्योष्ठी फुले येतात. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र एवढ्याने भागत नाही. भारतीय परंपरेने ह्या दोहोंना मनुष्याच्या नात्यांत गोवले आहे, आणि तुलनेचा खरा विषय तेथे आहे.

‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात सिंह दिलीपाला जो देवदार दाखवतो, तो शंकराने पुत्र मानलेला आहे. पार्वतीने सुवर्णकुंभातील पाणी घालून त्याला वाढवले. ते पाणी म्हणजे कवीच्या दृष्टीने मातेचे दूधच. रानहत्तीने गंडस्थळ घासून त्याची साल सोलली, तेव्हा असुरांच्या अस्त्रांनी कार्तिकेय घायाळ व्हावा तसा शोक तिने केला. सिंहाची नेमणूक झाली ती त्यानंतर, ह्याच पुत्राच्या रक्षणासाठी.

तुळस ही कन्या. कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत मराठी घराघरांतून तिचे लग्न लागते आणि यजमान कन्यादान करतो. ह्या विधीमागे वृंदेची कथा आहे : जालंधराचे रूप घेऊन विष्णूने तिची फसवणूक केली. दरवर्षीच्या विवाहात त्या अन्यायाची भरपाई होते असे म्हणावे, तर वराचा अपराध मंगलाष्टकांत बुडून जातो, असेही म्हणता येईल. देवदाराची जखम कवीने उघडी ठेवली. तुळशीची जखम लोकविधीने झाकली.

आणखी एक भेद लक्षणीय आहे. पुत्र पर्वतावर एकाच जागी पहाऱ्यात उभा राहतो; कन्या मात्र अंगणोअंगणी जाते, वारकरी स्त्रियांच्या डोक्यावरील वृंदावनातून पंढरीची वाटही चालते. तरीही तिच्या लग्नात पाठवणी नाही. दुसऱ्या दिवशी ती माहेरच्याच वृंदावनात असते.

अनुवादकापुढील अडचण येथूनच सुरू होते. मराठीत ‘देवदारी’ म्हटले की हलक्या लाकडाचे खोके आठवते. ‘रघुवंशा’तील देवदार मराठीत आणताना शब्द तयार आहे, पोरकेपणा टाळायचा आहे तो त्या पुत्रत्वाचा.