परिषदेला जायचे ते कशासाठी?

हल्ली महाविद्यालयांतून आणि विद्यापीठांतून वर्षभर परिषदा, चर्चासत्रे, कार्यशाळा भरत असतात. परिषदांना गेल्याशिवाय नाव होत नाही, असे विद्यार्थी म्हणतात. याला आता ‘पर्सनल ब्रँड’ असा शब्द निघाला आहे. साध्या भाषेत सांगायचे तर चार जाणकारांत आपली ओळख होणे. ही इच्छा मुळीच वाईट नाही. परंतु ती ओळख कशाने होते, हे नीट समजून घेतले पाहिजे.

मी बँकेत कारकून. मागे माझ्या पुतणीने एका परिषदेच्या फीसाठी पैसे मागितले. मी दिले. ती दिवसभर बसली, निबंध वाचायला तिला तीन मिनिटे मिळाली, आणि प्रमाणपत्र घेऊन संध्याकाळी परतली. “कोणाशी बोललीस?” मी विचारले. “कोणाशीच नाही, काका,” ती म्हणाली. दोष तिचा नव्हता. परिषदेला कसे जायचे, हे सांगणारे आमच्या घरात कोणी नव्हते.

या बाबतीत शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे उदाहरण बोलके आहे. १९२८ साली जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड मद्रासला व्याख्यानासाठी आले. कॉलेजात शिकणारे चंद्रशेखर व्याख्यान ऐकून थांबले नाहीत. सोमरफेल्ड उतरले होते त्या हॉटेलात जाऊन भेटले. अणूवरील त्यांचा ग्रंथ त्यांनी आधीच वाचलेला होता, म्हणूनच बोलायला विषय होता. त्या ग्रंथानंतर पदार्थविज्ञान पार बदलले आहे, असे सोमरफेल्ड यांनी सांगितले आणि आपल्या नव्या लेखाची मुद्रिते वाचायला दिली. त्या अभ्यासातून चंद्रशेखरांनी स्वतःचा निबंध लिहिला आणि तो केंब्रिजच्या फाउलर यांना पाठविला. पुढे १९३० मध्ये त्यांच्याकडेच ते संशोधनासाठी गेले.

आता दुसरी बाजू पाहा. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत चंद्रशेखरांनी ताऱ्यांच्या अंतावरील आपले संशोधन मांडले. लगेच नामवंत एडिंग्टन उठले आणि त्यांनी त्या विचाराची भर सभेत थट्टा केली. सभा एडिंग्टन यांच्या बाजूने झुकली. त्या दिवसापुरते पाहिले तर चंद्रशेखरांचे नाव झाले नाही, उलट हसे झाले. पण त्यांचे गणित बरोबर होते. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाची ती मर्यादा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सभेतील टाळ्या सभेबरोबर संपतात; काम मागे उरते.

यातून विद्यार्थ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फी भरण्यापूर्वी आपल्या प्राध्यापकांना विचारावे: निबंध कोणी तपासून घेतो की पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळते? बोलायला वेळ किती? विद्यार्थ्यांना फीत सवलत आहे का? अनेक ठिकाणी ती असते, पण मागावी लागते. जाण्यापूर्वी वक्त्यांची यादी पाहून निदान एकाचे लेखन वाचावे आणि एक नेमका प्रश्न लिहून न्यावा. चहाच्या सुट्टीत आपल्याच मित्रांच्या घोळक्यात उभे राहू नये. परतल्यावर आठवडाभरात ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांना चार ओळींचे पत्र किंवा ई-मेल पाठवावा, आणि सुचविलेले पुस्तक खरोखर वाचावे. कोणी कठोर टीका केली तर ती वहीत उतरवून घ्यावी. चूक असेल तर सुधारावी, नसेल तर नम्रपणे ठाम राहावे.

पदाधिकाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. परिषदेला निघालेल्या विद्यार्थ्याने आपला निबंध आधी आपल्या सभागृहात वाचून दाखवावा आणि आपण त्याला प्रश्न विचारावेत. विषय आपल्याला सगळा कळेलच असे नाही. पण त्याला आपल्यासमोर उभे राहून बोलण्याची सवय होईल. माझी पुतणी पुढच्या परिषदेची तयारी करीत आहे. पहिली श्रोतेमंडळी आपणच व्हावे, ही विनंती.