दिसायला एक, वंशाने तीन

नेच्यांची प्रजाती नुसत्या पानावरून ठरवणे किती फसवे ठरू शकते, हे उत्तर अमेरिकेतल्या 'अडिअँटम पेडाटम'च्या गोतावळ्याने दाखवून दिले. काळेभोर चकचकीत देठ आणि पंख्यासारखा पसरलेला पर्णसंभार असलेला हा नेचा तिथल्या पूर्वेकडच्या सावलीच्या जंगलांत वाढतो. सर्पेंटाइन खडकांवरची त्याच्यासारखीच रोपे बराच काळ त्याचाच एक वाण समजली जात. या खडकांच्या मातीत मॅग्नेशियम आणि निकेल भरपूर, कॅल्शियम मात्र कमी. तेव्हा पानांतला फरक हा मातीचाच परिणाम असावा, ही शंका रास्तच होती. पण गुणसूत्रांची संख्या माती बदलल्याने बदलत नाही. कॅथी पॅरिस आणि मायकेल विंडहॅम यांनी 1988 मध्ये मांडलेल्या अभ्यासात गुणसूत्रे आणि विकरे दोन्ही तपासली होती. पेडाटमची गुणसूत्रे 58. सर्पेंटाइनवरच्या काही रोपांचीही 58, पण त्यांची विकरे वेगळी. ती 'अडिअँटम अल्युटिकम' ही स्वतंत्र प्रजाती ठरली. व्हरमाँटमधल्या काही रोपांत मात्र 116 गुणसूत्रे निघाली आणि विकरे दोन्ही प्रजातींची! दोघांच्या संकरातून, गुणसूत्रे दुप्पट होऊन जन्मलेल्या या तिसऱ्या प्रजातीला पॅरिस यांनी 1991 मध्ये 'अडिअँटम व्हिरिडिमोंटॅनम' हे नाव दिले.

जी प्रजाती प्रयोगशाळेशिवाय ओळखता येत नाही तिचा उपयोग काय, असे कुणी विचारील. ओळखता येते, फक्त बारकाईने पाहावे लागते. या वंशात पर्णिकेची कड खाली दुमडते आणि बीजाणुधान्या त्या घडीवरच धरतात. व्हिरिडिमोंटॅनमच्या या घड्या अल्युटिकमपेक्षा सहसा लांब, पर्णिकांचे देठही लांब आणि बीजाणू मोठे असतात. शिवाय जनकांपैकी कुणाशी त्याचा संकर झालाच, तर संततीत गुणसूत्रांचे तीन संच येतात, त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि बीजाणू वांझ निघतात. वेगळेपणाची ही भिंत निसर्गानेच घातली आहे.

मग गुणसूत्रे वाढली की प्रजाती नवी, असा नियमच करावा का? मुळीच नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात दरडींवर उगवणाऱ्या हंसराजात दोन, तीन आणि चार संचांची रोपे आढळतात. तीन संचांची रोपे वांझ न राहता फलनाशिवाय पुढची पिढी निर्माण करतात. त्यांना वेगळे नाव देण्याआधी त्यांचे जनक कोण, हे कळायला हवे. त्याची सुरुवात संग्रहातल्या वाळलेल्या पानांपासूनही करता येते: एका बीजाणुधानीत नेहमीच्या 64 ऐवजी 32 बीजाणू भरले, तर ते रोप बहुधा फलनाशिवाय वाढणाऱ्यांपैकी असते.