देवनागरी मजकुरातील अक्षरांतर: कर्निंग आणि लेटर-स्पेसिंग

मराठी मजकूर आज कागदाप्रमाणेच पडद्यावरही वाचला जातो. त्यामुळे वेबपृष्ठावर दोन अक्षरांमध्ये किती अंतर असावे, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. त्यासाठी प्रथम दोन संकल्पनांमधील भेद लक्षात घेऊ.

कर्निंग म्हणजे विशिष्ट अक्षरजोडीतील अंतर त्या अक्षरांच्या आकारानुसार कमी-अधिक करणे. रोमन लिपीतील मोठे ‘ए’ व ‘व्ही’ शेजारी आले की त्यांच्या तिरक्या रेषांमुळे मध्ये पोकळी भासते. कर्निंग ती कमी करते. ही मापे फॉन्टमध्येच साठवलेली असतात. सीएसएसमधील ‘फॉन्ट-कर्निंग’ हा गुणधर्म ती वापरावीत की नाही, एवढेच ठरवतो. याउलट ‘लेटर-स्पेसिंग’ आकार न पाहता सर्वत्र सारखेच अंतर वाढवते किंवा घटवते.

इंग्रजी शीर्षकांत असे वाढवलेले अंतर शोभून दिसते. देवनागरीत मात्र त्यामुळे शिरोरेषा तुटते. शिरोरेषा हा केवळ अलंकार नव्हे. शब्द कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे ती दाखवते. ‘ती न बोलता गेली’ या वाक्यात ‘ती’ व ‘न’ यांवरील रेषा जोडली, तर ‘तीन’ ही संख्या वाचली जाईल. प्रत्येक अक्षरावरील रेषा तुटल्यास हा भेदच धूसर होतो. अंतर उणे केल्यास वेलांट्या व रफार शेजारच्या अक्षरांवर चढतात.

याचे मूळ लिपीच्या घटकात आहे. ‘क्ष’ संगणकात क, हलन्तचिन्ह आणि ष अशा तीन संकेतांनी साठवला जातो. वाचकासाठी मात्र ते एकच अक्षर असते.

द्विभाषिक पृष्ठावर ही चूक सहज शिरते, कारण लेटर-स्पेसिंग वारशाने आतील मजकुराला लागू होते. म्हणून मराठी मजकुराची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवावी आणि त्या भाषेसाठी लेटर-स्पेसिंग ‘नॉर्मल’ ठेवावे. शीर्षक उठावदार करण्यासाठी अक्षरांचा आकार किंवा जाडी वाढवावी. मजकूर मोकळा दिसण्यासाठी शब्दांमधील अंतर वाढवावे. मात्रा-उकारांना जागा मिळावी म्हणून ओळींमधील अंतरही पुरेसे ठेवावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न: एखाद्या मराठी संकेतस्थळावरील तीन शीर्षके पाहा. त्यांतील शिरोरेषा अखंड आहे का, ते तपासून निरीक्षणे सकारण लिहा.